नकाशा जवळजवळ ठरला होता, ताबा मात्र बदलत राहिला

प्रश्न थोडक्यात असा आहे: 1993 पासून इस्रायली आणि पॅलेस्टिनी इतक्या वेळा समोरासमोर बसले, तरी तोडगा का निघाला नाही? आणि गाझातल्या युद्धानंतर आता वाटाघाटींची भाषा करणं भाबडेपणाचं आहे का?

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी वकील. चोवीस वर्षं मध्यस्थीचं काम करते, त्यातलं निम्मं जमिनीच्या वाटणीचं. 2012 साली वाटाघाटींच्या एका अभ्यासवर्गाच्या निमित्ताने जेरुसलेम, रामल्ला, बेथलेहेम या भागात तीन आठवडे राहिले. तेव्हापासून या वादातले मूळ करार काढून वाचायची सवय लागली आहे. दोन राष्ट्रांचा संघर्ष आणि भावकीचं भांडण एक नव्हे, एवढं मला कळतं. तिथे माणसं मरतात. तरी करारांचे मसुदे वाचताना काही दुखणी ओळखीची वाटतात, तेवढ्यावरच बोलते.

वाटणी कशी करायची हे ठरवणं अवघड होतं, अशक्य नव्हतं. घोडं अडलं ते दोन ठिकाणी. वाद चालू असताना जागेवरचा ताबा बदलत राहिला आणि तो थांबवणारं कुणी नव्हतं. दुसरं म्हणजे शेवटचं पान कोरं ठेवून पहिल्या पानावर सह्या घेतल्या गेल्या.

दुसऱ्यापासून सुरू करते. जानेवारी 1993 मध्ये नॉर्वेत सार्प्सबोर्गला पहिली गुप्त बैठक झाली. इस्रायलकडून आले दोन प्राध्यापक, याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक. सरकारी माणूस एकही नाही, म्हणजे बातमी फुटली असती तर सरकारला कानावर हात ठेवता आले असते. पॅलेस्टिनी बाजूने पीएलओचे, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे, अहमद कुरेई. पीएलओशी संपर्क ठेवणं इस्रायली कायद्याने गुन्हा होता, ते कलम त्याच महिन्यात रद्द झालं. तिथून आठ महिन्यांत, 13 सप्टेंबर 1993 ला, व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पहिल्या ओस्लो करारावर सह्या झाल्या आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पीएलओचे प्रमुख अराफात यांचं ते हस्तांदोलन झालं.

हस्तांदोलनाचा फोटो सगळ्यांना आठवतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याच्या चार दिवस आधीची पत्रं वाचायला देते. 9 सप्टेंबरच्या पत्रात अराफात यांनी इस्रायल या राष्ट्राचा शांततेत आणि सुरक्षिततेत अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला, दहशतवाद सोडल्याचं लिहून दिलं. राबिन यांच्या उत्तरात एवढंच होतं की पीएलओ ही पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी आहे हे आम्ही मान्य करतो आणि तिच्याशी चर्चा सुरू करतो. पॅलेस्टिनी राष्ट्राचा त्यात उल्लेखही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाने समोरच्याचा सातबारा मान्य केला, दुसऱ्याने समोरच्याचं फक्त वकीलपत्र मान्य केलं.

पुढची रचना अशी: पाच वर्षांचा अंतरिम काळ. तिसरं वर्ष उजाडायच्या आत अंतिम मुद्द्यांवर बोलणी सुरू करायची. ते मुद्दे कोणते? जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (म्हणजे व्यापलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इस्रायली वस्त्या), सुरक्षा, सीमा. म्हणजे भांडणाचा सगळा गाभा पुढच्या तारखेवर. अंतरिम काळ मे 1999 मध्ये संपायचा होता. त्याच अंतरिम व्यवस्थेत 1995 च्या दुसऱ्या कराराने वेस्ट बँकेचे, म्हणजे 1967 च्या युद्धापासून इस्रायलच्या ताब्यातल्या, जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या प्रदेशाचे, अ, ब आणि क असे तुकडे पाडले. आज सुमारे 60 टक्के भाग क मध्ये येतो आणि तिथे संपूर्ण नियंत्रण इस्रायलचं. ही सोय तात्पुरती होती, आजही तीच चालू आहे.

मुद्दे पुढे ढकलणं चूक होतं का? इथे मी प्रामाणिक राहते: असले मसुदे मीही केले आहेत. विहिरीचा वाद मिटत नाही म्हणून 'विहिरीबाबत उभयपक्षी नंतर ठरवतील' असं वाक्य टाकून बाकीच्या वाटणीवर सह्या घेतल्या आहेत. त्या दिवशी सगळे पेढे खातात. पाच वर्षांनी तेच लोक विहिरीवरून कोर्टात भेटतात, आणि दरम्यान कुणीतरी तिथे मोटर बसवलेली असते. पण ते वाक्य टाकलं नसतं तर सहीच झाली नसती, हेही खरं. राबिन आणि अराफात यांना 1993 मध्ये जेरुसलेमवर एकमत करायला लावलं असतं तर बैठक चहा येण्याआधीच मोडली असती. कोरं पान ही सहीची किंमत होती. मात्र पान कोरं ठेवायचं तर त्यावर कुणी परस्पर लिहिणार नाही याची तजवीज करावी लागते, आणि ती झाली नाही.

ही तजवीज म्हणजे आपल्या कोर्टातला 'जैसे थे' आदेश. दुसऱ्या ओस्लो करारात ते कलम आहे, बरं का. कलम 31, उपकलम 7: अंतिम बोलणी पूर्ण होईपर्यंत वेस्ट बँक आणि गाझा पट्टीचा दर्जा बदलेल असं पाऊल कोणत्याही पक्षाने उचलू नये. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकित झाले. इतकं स्पष्ट कलम असताना वसाहती वाढल्या कशा? इस्रायलचं म्हणणं असं की घरं बांधल्याने प्रदेशाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही, आणि वसाहतींचं बांधकाम थांबवावं असं करारात कुठेही लिहिलेलं नाही. पॅलेस्टिनी म्हणाले, मग या कलमाला अर्थ काय? हा वाद निकाली काढायला तिसरा कुणी हवा होता. 1993 च्या करारात लवाद आहे, पण दोन्ही पक्ष राजी असतील तरच. म्हणजे ज्याने मोडलं त्याचीच संमती घेऊन त्याच्यावर तक्रार करायची.

1993 मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत सुमारे 1 लाख 10 हजार इस्रायली वसाहतकार राहत होते. आज ते 5 लाखांच्या आसपास आहेत. ज्या जमिनीचं काय करायचं हे टेबलावर ठरायचं होतं तिथे रस्ते, शाळा, मतदारसंघ उभे राहिले. आणि मालकी काहीही असो, ताबा बोलतो, हे कुठल्याही तलाठ्याला विचारा.

दुसऱ्या बाजूचा करारभंग घरांच्या आकड्यांत मोजता येत नाही, पण इस्रायली मनावर त्याचा घाव खोल आहे. अराफात यांनी हिंसा थांबवण्याची हमी दिली होती. फेब्रुवारी-मार्च 1996 च्या काही दिवसांत जेरुसलेम, अश्कलोन आणि तेल अवीवमध्ये आत्मघाती स्फोट होऊन साठच्या आसपास माणसं गेली. स्फोट हमास आणि इस्लामिक जिहाद या कराराला विरोध असलेल्या पॅलेस्टिनी संघटनांनी केले, अराफात यांनी नव्हे, पण बसमध्ये मुलगी गमावलेल्या बापाला हा फरक समजावून सांगायला कोण जाणार? त्याआधी फेब्रुवारी 1994 मध्ये हेब्रॉनमध्ये बारूख गोल्डस्टाइन या वसाहतकाराने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या होत्या. नोव्हेंबर 1995 मध्ये राबिन यांना मारलं ते यिगाल अमीर या ज्यू तरुणाने, आणि करार मोडावा म्हणूनच मारलं. पुढे मे 1996 च्या निवडणुकीत राबिन यांच्या जागी आलेले शिमोन पेरेस एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले आणि नेतान्याहू आले. करार नको असलेल्यांना बहुमत लागलं नाही. दोन्हीकडचे मूठभर पुरले.

याच्या शेजारी इजिप्तचं उदाहरण ठेवा. 1979 च्या इजिप्त-इस्रायल करारात वाद चर्चेने सुटला नाही तर समेट किंवा लवाद असं स्वच्छ लिहिलं होतं. 1982 मध्ये इस्रायलने सिनाई सोडलं, पण लाल समुद्राच्या काठावरचा ताबा हा जेमतेम एक चौरस किलोमीटरचा तुकडा सोडला नाही. (गावाचं नावच ताबा. मराठी वकिलाला हसू येणारच.) तिथे इस्रायली हॉटेल उभं होतं. वाद होता सीमेवरच्या 91 क्रमांकाच्या खांबाची मूळ जागा कोणती याचा. पाच जणांच्या लवादाने जुने नकाशे तपासून सप्टेंबर 1988 मध्ये 4 विरुद्ध 1 मतांनी इजिप्तच्या बाजूने निकाल दिला. हॉटेलची भरपाई ठरली, आणि मार्च 1989 मध्ये इस्रायलने जागा सोडली. या दोन देशांत आजही फारसं प्रेम नाही. पण खांब कुठे होता हे ठरवणारं कुणीतरी होतं.

आता नकाशाकडे येते, कारण 'यांचं जमणारच नाही' असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी 16 सप्टेंबर 2008 ची बैठक सांगते. इस्रायलचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्यापुढे मोठा नकाशा पसरला. वेस्ट बँकेचा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास भाग इस्रायलला, त्याबदल्यात वेस्ट बँकेच्या 5.8 टक्क्यांएवढी इस्रायलमधली जमीन आणि गाझाला जोडणारा रस्ता पॅलेस्टाईनला. जेरुसलेमच्या पवित्र भागावर कुणा एकाचं सार्वभौमत्व नको, सौदी अरेबिया, जॉर्डन, अमेरिका, इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा पाच जणांचं विश्वस्त मंडळ. पॅलेस्टिनी वाटाघाटीकारांनी त्या वर्षी 1.9 टक्क्यांची अदलाबदल सुचवली होती. म्हणजे दोन नकाशांतलं अंतर चार-साडेचार टक्के, अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आपल्याकडच्या मध्यम तालुक्याचा तिसरा-चौथा हिस्सा.

पण बैठकीचा शेवट बघा. ओल्मर्ट म्हणाले, आधी नकाशावर सही करा, मग नकाशा न्या. अब्बास सही न करता गेले, आणि परत आल्यावर आठवणीने एका कागदावर नकाशा हाताने काढला. तज्ज्ञांची पुढची बैठक झालीच नाही. भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे ओल्मर्ट यांनी पद सोडणार असल्याचं आधीच जाहीर केलेलं होतं, आणि वर्ष सरता सरता गाझात युद्ध पेटलं. अब्बास यांनी सही करायला हवी होती का? पद सोडून चाललेल्या माणसाबरोबर, नकाशाची प्रत हातात नसताना? मी त्यांची वकील असते तर करू दिली नसती. आणि ओल्मर्ट यांची वकील असते तर सहीशिवाय नकाशा बाहेर जाऊ दिला नसता. दोघांचंही वागणं समजण्यासारखं, आणि दोघांचंही नुकसान.

टक्क्यांचा हिशोब फसवाही आहे. एरिएल ही वसाहत 1967 पूर्वीच्या सीमेपासून सुमारे 20 किलोमीटर आत आहे. तिला इस्रायलमध्ये ठेवायचं तर नकाशात एक लांब बोट आत शिरतं, मग टक्का कितीही लहान असो. जेरुसलेमच्या पूर्वेच्या ई-1 पट्ट्याचं तसंच, तो बांधला की वेस्ट बँकेचा उत्तर आणि दक्षिण भाग एकमेकांपासून तुटायला आल्यासारखे होतात. तिथल्या सुमारे 3,400 घरांना ऑगस्ट 2025 मध्ये मंजुरी मिळाली. रेषांचा खेळ तिथे जुनाच आहे. 1948 च्या अखेरीस इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी जेरुसलेममध्ये शस्त्रसंधीची रेषा 1:20,000 च्या नकाशावर जाड पेन्सिलीने ओढली. नकाशावर तीन-चार मिलिमीटरची रेघ, जमिनीवर साठ-ऐंशी मीटरचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात लोकांची घरं. रेघेची जाडी कुणाच्या मालकीची, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद.

निर्वासितांचा प्रश्न मात्र टक्क्यांनी सुटणारा नाही. 1948 च्या युद्धात सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले किंवा घालवले गेले. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे, यूएनआरडब्ल्यूएकडे, आज नोंद असलेले निर्वासित 59 लाखांच्या घरात आहेत. संयुक्त राष्ट्रांचा ठराव 194 त्यांच्या परत येण्याविषयी बोलतो. एवढे लोक परतले तर ज्यू बहुसंख्येचं राष्ट्र उरणार नाही, हे इस्रायल उघड सांगतो. डिसेंबर 2000 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी पाच पर्याय मांडले: नवं पॅलेस्टाईन, अदलाबदलीत मिळालेली जमीन, आता राहतात तो देश, तिसरा देश, आणि इस्रायलच्या मर्जीने थोडेजण इस्रायलमध्ये. व्यवहार म्हणून हे पटण्यासारखं आहे. पण रामल्लाजवळच्या छावणीत एका म्हाताऱ्या बाईंनी मला घराची किल्ली दाखवली, कापडात गुंडाळून डब्यात ठेवलेली. घर पाडलं गेलंय, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना हवं होतं ते कुणीतरी 'तुमच्यावर अन्याय झाला' असं म्हणणं, आणि तेच म्हणायला इस्रायली वाटाघाटीकार सगळ्यात जास्त कचरतात, कारण ते वाक्य उद्या दाव्यात पुरावा म्हणून येईल अशी भीती. वाटणीच्या प्रकरणांतही मी हे पाहते. बहीण हिस्सा सोडायला तयार असते, फक्त भावाने एकदा तोंडाने कबूल करावं असं तिला वाटतं, आणि भावाचा वकील त्याच्या तोंडावर हात ठेवतो.

गाझाबद्दल. 2005 मध्ये इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांनी गाझातल्या सगळ्या, म्हणजे 21 वसाहती उठवल्या, आठ हजारांवर वसाहतकार बाहेर काढले. इस्रायलमध्ये आजही ऐकू येतं: आम्ही सोडून निघालो, बदल्यात रॉकेटं आली. पॅलेस्टिनी म्हणतात: सैनिक गेले, पण समुद्र, आकाश आणि बहुतेक दारं त्यांच्याच हातात राहिली. माझा आक्षेप तिसराच आहे. ही माघार कुणाशी बोलून झालीच नाही. त्याच वर्षी जानेवारीत निवडून आलेले, चर्चेची बाजू लावून धरणारे अब्बास यांच्या पदरात तिचं श्रेय पडलं नाही. 'बंदुकीनेच त्यांना हाकललं' असं म्हणायला हमास मोकळी झाली, आणि जानेवारी 2006 च्या निवडणुकीत तिने 132 पैकी 74 जागा घेतल्या. ताबा सोडायचाच होता तर पावती घेऊन सोडायचा.

मग आता? 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसं मारली गेली, 251 जणांना ओलीस नेलं. त्यानंतरच्या युद्धात गाझात मेलेल्यांचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींनुसार 60 हजारांच्या बराच पुढे गेला. अशात समेटाचं बोलणं निर्लज्जपणाचं वाटू शकतं. पण याच काळात, याच शत्रूंमध्ये, कतार, इजिप्त आणि अमेरिकेच्या मध्यस्थीने तीन वेळा सौदे झाले: नोव्हेंबर 2023, जानेवारी 2025, ऑक्टोबर 2025. एकाच खोलीत बसायला तयार नसलेल्यांनी नावांच्या याद्या दिल्या, रेड क्रॉसच्या गाड्यांतून माणसं आली, ठरलेल्या संख्येने कैदी सुटले. विश्वास शून्य होता. देणं आणि घेणं त्याच दिवशी, मोजून, तिसऱ्याच्या देखत होत होतं, म्हणून चाललं.

मोडलं कुठे तेही पाहा. जानेवारी 2025 च्या सौद्याचा पहिला टप्पा 42 दिवसांचा, बारीकसारीक ठरवलेला. दुसऱ्या टप्प्याच्या अटी पहिल्या टप्प्यात बसून ठरवायच्या होत्या. त्या ठरल्या नाहीत आणि 18 मार्चला बॉम्बवर्षाव पुन्हा सुरू झाला. ओस्लोचं दुखणं, फक्त पाच वर्षांऐवजी सहा आठवड्यांत. ऑक्टोबर 2025 च्या सौद्यामागच्या, ट्रम्प यांच्या वीस कलमी योजनेतही ओलीस आणि कैदी यांचा भाग नेमका आहे. हमासची शस्त्रं, इस्रायलची पुढची माघार, आंतरराष्ट्रीय दल हे मुद्दे बरेचसे ढगळ. पॅलेस्टिनी राष्ट्राकडे जाणारा 'विश्वासार्ह मार्ग' तर अशा शब्दांत आहे की प्रत्येकाने त्यात आपलं वाचावं.

म्हणून भाबडेपणाच्या प्रश्नाला माझं उत्तर: चर्चेने तोडगा निघू शकतो असं मानणं भाबडेपणाचं नाही, पण आणखी एक अंतरिम करार करून पुढचं पुढे बघू म्हणणं आता नक्कीच आहे. नवा मसुदा समोर आला की मी आधी सीमेचा नकाशा बघणार नाही. टप्पा दोनच्या अटी आजच लिहिल्या आहेत का, दरम्यान बांधकाम आणि हल्ले दोन्ही थांबले नाहीत तर 'भंग झाला' असं कोण म्हणणार, आणि त्याच्या म्हणण्याने कुणाचं काय अडणार, हे शोधणार. हुकूमनामा कितीही सुंदर असला तरी दरखास्त चालवायला, म्हणजे त्याची अंमलबजावणी करून घ्यायला, कोर्ट लागतं. तिथे कोर्ट नाही. अमेरिका ते काम करू शकते, पण ती एका पक्षाची जवळची नातेवाईक आहे. अरब देशांकडे 2002 पासून पूर्ण मान्यतेच्या बदल्यात 1967 च्या सीमेचा प्रस्ताव आहे. तो बैरूतमध्ये मंजूर झाला त्याच्या आदल्या रात्री इस्रायलमधल्या नेतान्या शहराच्या एका हॉटेलात सणाच्या जेवणाला बसलेल्यांवर आत्मघाती हल्ला झाला, 30 जण गेले, आणि प्रस्ताव कुणी नीट वाचलाच नाही.

बेथलेहेमजवळच्या बत्तीर गावात मी एक दुपार काढली होती. डोंगरउतारावर दगडी बांध घातलेले वाफे, वर झरा, खाली जाफा-जेरुसलेम रेल्वे. झऱ्याचं पाणी आठ घराण्यांत पाळीने जातं, त्यामुळे गावाचा आठवडा आठ दिवसांचा, असं तिथे म्हणतात. 1949 मध्ये शस्त्रसंधीची रेषा गावाच्या शिवारातून गेली. इस्रायलला रेल्वे हवी होती, गावाला पलीकडची शेतं. ठरलं असं की गावकऱ्यांनी रुळांना धक्का लागू द्यायचा नाही, आणि त्यांनी आपली जमीन कसत राहावी. एका शेतकऱ्याने मला रुळांच्या पलीकडची आपली झाडं दाखवली. मी विचारलं, हा करार लिहिलेला कुठे आहे? तो म्हणाला, गाडी वेळेवर जाते ना? तेवढ्यात खालून गाडी गेली, आणि तो पाण्याची पाळी चुकेल म्हणून उठला.